ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरची तेलगळती : निदान कसे करावे ?

बैलगाडीच्या दिवसांत वंगणाचे नळकांडे गाडीखाली टांगलेले असे. चाक करकरू लागले की गाडीवान गाडी थांबवी, आखाला वंगण घाली व पुढे निघे. चाक स्वतःच ओरडून सांगत असल्यामुळे त्यास वेगळी तपासणी करावी लागत नसे. ट्रॅक्टरच्या गिअरपेटीचे तसे नाही. तीतील तेल थेंबाथेंबाने कमी होत असले तरी ट्रॅक्टर मुकाट्याने काम करीत राहतो. आणि गिअर खडखडू लागले म्हणजे स्वस्तात होणाऱ्या दुरुस्तीची वेळ बहुधा निघून गेलेली असते.

भारतात बांधलेला पहिला ट्रॅक्टर १९५९ साली फरिदाबाद येथील कारखान्यातून बाहेर पडला. तेव्हापासून या यंत्राने नांगरटीच्या जोडीने ओढकामही पत्करले आहे. महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यात तर हंगामाचे कित्येक महिने ट्रॅक्टर नांगराला न जुंपता ट्रॉलीलाच जुंपलेला असतो. या ओढकामाचा ताण इंजिनापेक्षाही गिअरपेटी, मागील आख व हायड्रॉलिक लिफ्ट यांवर अधिक पडतो, आणि तेलगळतीही बहुधा तेथेच सुरू होते.

पुढील उदाहरण घेऊ. समजा, ऐन हंगामात एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरखाली, क्लच हाऊसिंगच्या तळाशी, रोज सकाळी ताटाएवढा तेलाचा डाग दिसू लागला. दर दोन-तीन दिवसांनी गिअरपेटीचे तेल कमी भरू लागले. मिस्त्रीने सांगितले, "आतले सील गेले आहे. ट्रॅक्टर मधून सोडवावा लागेल." ट्रॅक्टर मधून सोडविणे म्हणजे इंजिन व गिअरपेटी एकमेकांपासून अलग करणे. त्यात काही दिवस मोडणार, मजुरी मोठी पडणार आणि तोडलेला ऊस फडात वाळत राहणार. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला जाणे इष्ट असते. त्यानंतर त्याचे वजन व साखर दोन्ही घटत जातात. शेतकऱ्यापुढे दोन वाटा दिसतात. एक, तेल ओतत राहावे. दुसरी, ट्रॅक्टर उघडावा. परंतु या दोहोंच्या आधी एक तिसरी वाट आहे, ती म्हणजे निदान. तिला एक रात्र, थोडे रॉकेल, खडूची पूड व एक जाड पुठ्ठा एवढेच साहित्य लागते. ती वाट कशी चालावी हे येथे क्रमाने दिले आहे.

१. तेल कोठे असते व ते काय करते

मोटारीला असते तशी वेगळी चौकट बहुतेक ट्रॅक्टरांना नसते. इंजिन, क्लच हाऊसिंग, गिअरपेटी व मागील आखाचे घर ही एकापुढे एक बोल्टांनी जोडलेली असून तीच ट्रॅक्टरचा कणा होत. ट्रॉलीचा प्रत्येक हिसका याच सांध्यांतून जातो. त्यामुळे बोल्ट सैल पडणे व दोन घरांमधील पॅकिंग पिळवटणे हे दोष ओढकामाच्या ट्रॅक्टरांत विशेष आढळतात.

पुष्कळ ट्रॅक्टरांत गिअर, डिफरन्शिअल व हायड्रॉलिक लिफ्ट यांस एकच तेल पुरविलेले असते. नमुन्यानुसार हे तेल तीसपासून साठ लिटरपर्यंत असू शकते. काही नमुन्यांत मागील चाकांजवळच्या गिअरांचे तेल निराळे असते. आपल्या ट्रॅक्टरमध्ये किती कप्पे आहेत व प्रत्येकात कोणते तेल घालावयाचे हे माहितीपुस्तिकेत पाहून ठेवावे. तेलात बुडालेले ब्रेक असणाऱ्या ट्रॅक्टरांस त्या ब्रेकांना मानवेल असेच तेल लागते. दुसरे घातल्यास ब्रेक आवाज करतात व नीट धरत नाहीत.

फिरता दांडा घरातून बाहेर येतो तेथे रबरी ओठाचे एक कडे बसविलेले असते. यालाच ऑइल सील म्हणतात. तेल वारंवार फार तापले की रबर कडक होऊन त्याची पकड जाते. धूळ व चिखल ओठाखाली शिरले तर ओठ झिजतो आणि दांड्यावरही खाच पडते. अशा खाचेवर नवे सील बसविले तरी ते टिकत नाही, हे ध्यानात ठेवावे.

२. आधी तेल ओळखावे

जमिनीवर पडलेला प्रत्येक डाग गिअरपेटीचा नसतो. डागाचा एक थेंब पांढऱ्या कागदावर घेऊन उजेडात पाहावा.

(अ) इंजिनाचे तेल : डिझेल इंजिनात ते काजळीने लवकरच काळे होते. कागदावर काळा ठिपका उमटतो.
(आ) गिअरपेटीचे व लिफ्टचे तेल : नवे असता मधासारखे, जुने झाल्यावर तपकिरी. बोटांत धरल्यास बुळबुळीत लागते. ते दुधाळ दिसल्यास त्यात पाणी शिरले आहे असे समजावे.
(इ) पॉवर स्टिअरिंगचे तेल : काही नमुन्यांत ते लालसर असते, त्यामुळे ओळखण्यास सोपे जाते.
(ई) डिझेल : पातळ असून वासावरून तत्काळ ओळखू येते.
(उ) रेडिएटरचे पाणी : हिरवट किंवा अन्य रंगाचे असते. त्यास तेलाचा चिकटपणा नसतो. ते विषारी असल्याने चव घेऊन पाहू नये.

शंका राहिल्यास प्रत्येक तेलकांडीवरील एकेक थेंब त्याच कागदावर शेजारी शेजारी घ्यावा व डागाशी ताडून पाहावा. ही तुलना रंगाच्या वर्णनापेक्षा अधिक भरवशाची असते.

३. तपासणीपूर्वीची दक्षता

ट्रॅक्टर सपाट जागेवर उभा करावा. हातब्रेक लावून चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावावी. खाली वाकण्यापूर्वी इंजिन बंद करून किल्ली खिशात ठेवावी. उचललेल्या लिफ्टखाली किंवा उलटण्यासाठी वर केलेल्या ट्रॉलीच्या हौद्याखाली, भक्कम आधार दिल्यावाचून, कोणीही शिरू नये. फिरत्या पी. टी. ओ. दांड्याजवळ धोतराचा सोगा, ओढणी किंवा सैल बाही येऊ देऊ नये.

हायड्रॉलिक होजपाइपातील गळती बोटाने चाचपून कधीही पाहू नये. या नळ्यांतील दाब दर चौरस सेंटिमीटरला शेकडा दीडशे किलोच्या घरात असू शकतो. बारीक छिद्रातून निघणारी तेलाची फवार डोळ्यांस दिसत नाही, परंतु ती कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसत असली तरी ती फार गंभीर असते व काही तासांतच शस्त्रक्रिया करावी लागते. अशी इजा झाल्यास घरगुती उपाय करीत न बसता रुग्णास ताबडतोब रुग्णालयात न्यावे व तेल दाबाने आत गेले आहे हे डॉक्टरांस स्पष्ट सांगावे. फवार शोधावयाची असल्यास नळीसमोर जाड पुठ्ठा धरावा. ओला ठिपका त्यावर उमटतो.

४. निदानाच्या पाच पायऱ्या

पहिली पायरी : पातळी मोजणे. इंजिन बंद करून, लिफ्ट खाली सोडून व उलटणारी ट्रॉली जोडलेली असल्यास तिचा जॅक पूर्ण खाली उतरवून दहा-पंधरा मिनिटे थांबावे. नंतर तेलकांडी पुसून पातळी पाहावी. जॅक वर असता त्यात काही लिटर तेल जाऊन बसते. तशा स्थितीत पातळी पाहून तेल ओतले, तर जॅक खाली येताच पेटी प्रमाणाबाहेर भरते आणि जादा तेल वरच्या झाकणातून व सीलमधून बाहेर पडू लागते. म्हणजे जी गळती नव्हती ती आपणच निर्माण करतो.

दुसरी पायरी : धुणे. ट्रॅक्टर निवल्यावर क्लच हाऊसिंग, गिअरपेटी, मागील आख व लिफ्टचे झाकण ब्रशने व रॉकेलने धुवून घ्यावे, मग साबणाच्या पाण्याने स्वच्छ करून चिंधीने कोरडे करावे. पाण्याचा जोराचा फवारा सीलवर किंवा हवा जाण्याच्या झाकणावर मारू नये. धुण्यापूर्वी मात्र एकदा नीट पाहून घ्यावे. जेथे धूळ व तेल यांचा जाड थर बसला आहे तेथे गळती जुनी असते. आणि जेथे थर धुवून निघून ओली चमक दिसते तेथे ती ताजी असते.

तिसरी पायरी : पूड लावणे. कोरड्या झालेल्या भागावर, विशेषतः सांधे, सील, प्लग व नळ्यांची जोडणी यांवर, खडूची बारीक पूड किंवा अंगाला लावावयाची पावडर भुरभुरावी. पांढऱ्या पुडीवर तेलाची रेघ पहिल्या काही मिनिटांतच उमटते. कोरडी रांगोळी वापरू नये. तिचे खडे सीलला मारक होतात.

चौथी पायरी : अवस्थेनुसार पाहणे. गळती कोणत्या अवस्थेत सुरू होते यावरून तिची जागा बरीचशी कळते. म्हणून पुढील क्रम मोडू नये.

(१) रात्रभर, इंजिन बंद. खाली पुठ्ठा पसरून त्यावर चाकांच्या खुणा करून ठेवाव्यात. या अवस्थेत गळल्यास दोष तेलाच्या पातळीखालच्या भागात, म्हणजे ड्रेन प्लग, तळाचे सांधे किंवा खालची सीले यांत असतो.
(२) इंजिन चालू, गिअर न्यूट्रलमध्ये. या अवस्थेत गळल्यास पंप, पंपाच्या नळ्या किंवा क्लचकडील सील यांकडे पाहावे.
(३) लिफ्ट वजन घेऊन उचलताना किंवा ट्रॉलीचा जॅक चालविताना. या अवस्थेत दोष दाबाच्या नळ्या, होज जोडावयाचे कपलर किंवा लिफ्टच्या हातांचा दांडा यांत असतो.
(४) मोकळी ट्रॉली ओढून दोन-तीन किलोमीटर फिरल्यावर. येथे मागील आखाची सीले व पी. टी. ओ.चे सील यांचा दोष दिसतो.
(५) भरलेली ट्रॉली ओढल्यावर, तेल तापले असता. केवळ याच अवस्थेत गळत असल्यास सांध्यांचे सैल बोल्ट किंवा हवा जाण्याचा बंद पडलेला मार्ग यांचा संशय घ्यावा.

प्रत्येक अवस्थेनंतर इंजिन बंद करूनच खाली पाहावे.

पाचवी पायरी : वरच्या ओल्या जागेपर्यंत जाणे. तेल उतारास लागते आणि चालत्या ट्रॅक्टरला लागणाऱ्या वाऱ्याने मागे सरकते. म्हणून थेंब जेथून पडतो तेथेच गळती आहे असे मानणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. थेंबापासून ओल्या रेघेचा माग वर घेत जावे. जेथे वर कोरडे व खाली ओले अशी सीमा सापडते, तीच गळतीची जागा होय.

५. नेहमीच्या जागा व त्यांचा अर्थ

क्लच हाऊसिंगचे भोक : या घराच्या तळाशी एक लहान भोक असते, काही नमुन्यांत त्यात स्प्लिट पिन अडकविलेली असते. क्लचपाशी तेल आल्यास ते दिसावे व बाहेर जावे यासाठीच हे भोक ठेवलेले आहे. भोकाच्या आतून काळे तेल येत असल्यास इंजिनाचे मागील सील, आणि मधाच्या रंगाचे येत असल्यास गिअरपेटीच्या पुढील दांड्याचे सील गेले असे समजावे. दोन्ही दुरुस्त्यांस ट्रॅक्टर मधून सोडवावा लागतो. एवढा खर्च होतच असल्याने त्याच वेळी दोन्ही सीले बदलावीत व क्लचची प्लेट तपासून घ्यावी. तेल प्लेटला लागले असेल तर चढावर क्लच घसरतो. इंजिनाचा आवाज वाढतो, पण ट्रॅक्टर पुढे सरकत नाही.

हवा जाण्याचे झाकण, म्हणजे ब्रीदर : तेल तापले की पेटीतील हवा फुगते. ती बाहेर जाण्याची ही वाट होय. चिखल व पाचटाचा भुगा बसून ती बुजली म्हणजे आत दाब साचतो आणि एकाच वेळी दोन-तीन ठिकाणांहून तेल पाझरू लागते. काम करून आल्यावर तेल भरण्याचे झाकण सावकाश सैल करावे. "फुस्स" असा आवाज आल्यास ब्रीदर बंद आहे. तो काढून रॉकेलने धुवावा. नवी सीले घालूनही पुन्हा पुन्हा गळणाऱ्या ट्रॅक्टरचा रोग पुष्कळदा एवढाच असतो.

मागील आखाचे सील : चाकाच्या आतील बाजूस व आखाच्या घराखाली ओल दिसते. ज्या ट्रॅक्टरांचे ब्रेक कोरडे असतात तेथे हे तेल ब्रेकच्या अस्तरापर्यंत पोचू शकते. मग ब्रेक दाबताच ट्रॅक्टर एका बाजूस ओढतो. पुष्कळशा ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. उतारावर भरलेल्या ट्रॉलीचा सारा रेटा ट्रॅक्टरच्याच ब्रेकांवर येतो. म्हणून येथील गळती थोडी असली तरी ती मोठी समजावी व दुरुस्ती होईपर्यंत ट्रॉली जोडू नये. सील बदलताना चाकाला खेळ आहे किंवा कसे तेही पाहावे. बेअरिंग झिजलेले असल्यास दांडा डगमगतो व नवे सील थोड्याच दिवसांत जाते.

पी. टी. ओ.चे सील : या दांड्याभोवती सुतळी, प्लास्टिकचे धागे किंवा पाचट गुंडाळले जाऊन सीलच्या ओठास कापते. गुंता रोजच्या रोज काढावा व दांडा वापरात नसता त्यावर टोपी बसवावी.

होजचे कपलर : ट्रॉलीची होज लावता काढताना धूळ आत जाते. तीमुळे आतील रबरी ओ-रिंग चिरते व धूळ थेट पंपापर्यंत पोचते. जोडण्यापूर्वी दोन्ही तोंडे पुसण्यास अर्धे मिनिट लागते, तर ओ-रिंगची किंमत क्षुल्लक असते. परंतु पंपाची किंमत क्षुल्लक नसते.

६. डाग न पडता कमी होणारे तेल

काही वेळा पुठ्ठा कोरडा राहतो, तरी पातळी उतरते. अशा वेळी तीन गोष्टी तपासाव्यात.

पहिली, ट्रॉलीची अदलाबदल. एका ट्रॅक्टरवरून सोडलेली ट्रॉली दुसऱ्याला जोडली म्हणजे जॅक व होज यांतील तेलही इकडचे तिकडे होते. एकाची पातळी उतरते व दुसऱ्याची चढते. दोन्ही मालकांची तेले निराळी असल्यास ती मिसळतात आणि एकाच्या तेलातील घाण दुसऱ्याच्या पंपात जाते.

दुसरी, पंपाचे सील. ज्या नमुन्यांत हायड्रॉलिक पंप इंजिनावर बसविलेला असतो, तेथे पंपाच्या दांड्याचे सील गेल्यास लिफ्टचे तेल इंजिनात उतरते. गिअरपेटीचे तेल कमी होत असता इंजिनाचे तेल वाढलेले दिसणे ही त्याची खूण होय. असे आढळल्यास इंजिन चालवू नये.

तिसरी, धावत्या अवस्थेतील गळती. तेल रस्त्यावर सांडते व घरी डाग दिसत नाही. ट्रॉलीचा पुढील भाग व हुकाची दांडी तेलकट धुळीने माखलेली असल्यास ही गळती समजावी.

७. थांबावे की चालवावे ?

गळतीच्या तीन पायऱ्या मानाव्यात.

पाझर : सांध्यावर ओल दिसते, धूळ चिकटते, परंतु थेंब पडत नाही. जागा पुसून खूण करावी, आठवड्यास एकदा पातळी पाहावी व हंगाम संपताच दुरुस्ती करावी.

थेंब : एका मिलिलिटरमध्ये साधारणपणे वीस थेंब मावतात असे धरले, तर दहा सेकंदांस एक थेंब या वेगाने चोवीस तासांत सुमारे ४३० मिलिलिटर तेल जाते. सेकंदास एक थेंब असल्यास तेच प्रमाण चार लिटरांवर जाते. अशा गळतीत पातळी रोज सकाळी पाहावी व दुरुस्तीचा दिवस त्याच आठवड्यात ठरवावा.

धार : ट्रॅक्टर जागच्या जागी थांबवावा. पातळी किमान खुणेच्या खाली असता भरलेली ट्रॉली ओढल्यास गिअर व बेअरिंग जळतात, आणि ही दुरुस्ती सीलच्या कैक पटींनी महाग पडते.

या नियमास दोन अपवाद आहेत. गळती ब्रेकपाशी किंवा क्लचपाशी पोचत असेल, तर ती पाझराएवढी असली तरी ट्रॉली ओढण्याचे काम बंद ठेवावे. तसेच तेल दुधाळ झाले असल्यास ओढ्यातून जाताना, धुताना किंवा फाटलेल्या रबरी टोपीवाटे पाणी आत गेले आहे असे समजून पाणी शिरण्याची वाट बंद करावी व सर्व तेल बदलावे.

८. टाळावयाचे उपाय

क्लच हाऊसिंगचे भोक लाकडी खुंटी किंवा लांबीने बुजविणे हा सर्वांत घातक उपाय होय. डाग दिसेनासा होतो, परंतु तेल आत साचून क्लच निकामी करते. गळती थांबावी म्हणून जाड तेल घातल्यास लिफ्ट सुस्त होते व थंडीत पंपास तेल ओढणे जड जाते. इंजिनातून काढलेले काळे तेल गिअरपेटीत ओतू नये; त्यातील काजळी व लोखंडाचा कीस बेअरिंग खातो. बोल्ट बळाने आवळल्यास आटे जातात किंवा घरास तडा जातो. पॅकिंग फाटलेले असेल तर ते बदलावे. वरून लुकण लिंपून काही साधत नाही.

निघालेले जुने तेल विहिरीजवळ, ओढ्यात किंवा बांधावर सांडू नये. झाकणाच्या डब्यात साठवून ते परवानाधारक खरेदीदारास द्यावे.

९. स्वयंचलित गिअरपेटीच्या गाड्या

शेतमालाची लहान ट्रॉली ओढण्यास काही ठिकाणी स्वयंचलित गिअरपेटीच्या मोटारगाड्या वापरतात. त्यांच्या निदानाची रीत हीच आहे. फक्त तीन भेद ध्यानात घ्यावेत. या पेटीतील तेल वंगणाबरोबरच शक्ती पोचविण्याचे व पेटी थंड ठेवण्याचे कामही करते, त्यामुळे ते थोडे कमी झाले तरी गिअर पडण्यास उशीर लागतो किंवा गाडी घसरते. हे तेल पुष्कळदा लाल असते व थंड होण्यासाठी नळ्यांवाटे पुढे रेडिएटरकडे जाते. म्हणून गळती पेटीपासून दूर, गाडीच्या पुढील भागीही असू शकते. आणि ज्या गाड्यांस तेलकांडी असते त्यांपैकी बहुतेकींची पातळी तेल तापलेले व इंजिन चालू असता पाहावयाची असते, ट्रॅक्टरप्रमाणे इंजिन बंद करून नव्हे. तेलकांडी नसलेल्या गाडीची पातळी जाणत्या कार्यशाळेतच पाहून घ्यावी. तेलास जळका वास येत असल्यास ओढकाम थांबवावे.

१०. उदाहरणातील ट्रॅक्टर

आता आरंभीच्या उदाहरणाकडे वळू. वरील क्रमाने तपासता पहिल्याच कागदावर मधाच्या रंगाचा ठिपका उमटला; म्हणजे तेल इंजिनाचे नव्हते. क्लच हाऊसिंगच्या भोकात काडीला चिंधी गुंडाळून फिरविली, ती कोरडी निघाली; म्हणजे तेल क्लचच्या बाजूने येत नव्हते. धुवून पूड लावल्यावर पहिल्या दोन अवस्थांत काहीच दिसले नाही. तिसऱ्या अवस्थेत, ट्रॉलीचा जॅक चालविताच, उजव्या बाजूस कपलरकडे जाणाऱ्या नळीच्या जोडापाशी ओली रेघ उमटली. तो ट्रॅक्टर रोज रात्री अंगणाच्या उतारावर, तोंड खाली करून उभा राहत असे. दिवसभर नळीतून निसटलेले तेल गिअरपेटीच्या पोटाखालून रात्री पुढे ओघळे व क्लच हाऊसिंगच्या कडेवरून टपके. डाग पुढे होता आणि दोष मागे व वर होता. ओ-रिंग बदलून जोड आवळल्यावर पुठ्ठा सकाळी कोरडा राहिला.

प्रत्येक गळती इतक्या स्वस्तात मिटते असे नाही. भोकातून तेलाने माखलेली चिंधी निघाली असती तर मिस्त्रीचे म्हणणेच खरे ठरले असते व ट्रॅक्टर सोडविणे भाग पडले असते. परंतु निदान न करता तो सोडविला असता, तर आतील चांगली सीले बदलली गेली असती, हंगामाचे दिवस वाया गेले असते आणि डाग मात्र पुन्हा जेथल्या तेथे पडला असता.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

हंगाम सुरू होण्यापूर्वी गावातील ट्रॅक्टरमालक व चालक यांस एकत्र बोलावून एका ट्रॅक्टरवर ही पाच पायऱ्यांची तपासणी प्रत्यक्ष करून दाखवावी. चालकास अवश्य बोलवावे, कारण थेंब प्रथम त्यालाच दिसतो. आणि त्याने तो सांगितल्यास त्याजवर दोष न ठेवता ट्रॅक्टर तपासावा, असे मालकासही समजावून द्यावे. प्रत्येक ट्रॅक्टरसाठी एक लहान वही ठेवण्यास सांगावे. तीत तारीख, तासांच्या घड्याळाचा आकडा, तेलाची पातळी व ओतलेले तेल एवढीच चार घरे पुरेत. मिस्त्रीकडे जाताना ही वही व डागाचा कागद बरोबर न्यावा. ज्या तरुणांस या कामाचे अधिक शिक्षण घ्यावयाचे आहे त्यांना नर्मदाकाठच्या बुदनी येथील केंद्र सरकारच्या कृषियंत्र प्रशिक्षण संस्थेची माहिती द्यावी; तेथे १९५५ पासून ट्रॅक्टरविषयक शिक्षण दिले जात आहे.

सारांश

(१) ट्रॉलीचा जॅक खाली व इंजिन बंद असतानाच पातळी मोजावी.
(२) डागावरून प्रथम तेल ओळखावे.
(३) धुवावे, पूड लावावी व अवस्थेनुसार पाहावे.
(४) थेंबापासून वरच्या ओल्या सीमेपर्यंत माग काढावा.
(५) सील बदलण्यापूर्वी ब्रीदर साफ करावा व बेअरिंगचा खेळ पाहावा.
(६) ब्रेक किंवा क्लचकडे जाणारी गळती थोडी असली तरी ट्रॉली जोडू नये.
(७) जागा नक्की सापडल्यावाचून ट्रॅक्टर उघडू नये.